दर काढायच्या फंक्शनला अकरा पॅरामीटर झालेत – ग्लोबल करू, एकच ऑब्जेक्ट करू की आहे तसंच ठेवू?

दूधगंगा

नमस्कार मंडळी. वाचतोय बरेच दिवस, धागा पहिल्यांदाच काढतोय. आम्ही तिघंजण मिळून कोल्हापूर भागातल्या गावोगावच्या दूध संस्थांचं संकलनाचं सॉफ्टवेअर बघतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या असतात, सभासद दूध घेऊन येतो, काट्यावरनं माप येतं, मशीनवरनं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतो, दरपत्रकात म्हणजे चार्टमध्ये बघून दर लागतो, पावती निघते आणि दर दहा दिवसांनी पेंडीचे, ॲडव्हान्सचे पैसे कापून बिल. मूळ प्रोग्रॅम फॉक्सप्रो या जुन्या भाषेत होता, मग व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मध्ये गेला, आता आम्ही पायथनमध्ये आणतोय.

दर काढणारं फंक्शन सध्या असं आहे (नावं इथं मराठीत लिहितोय म्हणजे सगळ्यांना कळेल):

दर_काढ(फॅट, एसएनएफ, माप, जनावर, पाळी, संस्था, चार्टकोड, कमिशन, कपाती, फेरतपासणी, छापायचं)

कंसातले पॅरामीटर, म्हणजे फंक्शनला बाहेरून द्यायची मूल्यं, मोजले तर अकरा होतात. सुरुवातीला चार होते, मग प्रत्येक संस्थेची एकेक मागणी आली तसा एकेक वाढत गेला, आणि प्रत्येक वेळी वाटलं की एकानं काय होतंय.

मागच्या महिन्यात मोबाईल ॲपवरच्या नोंदी आत घ्यायचं काम सहकाऱ्यानं केलं. त्या फाईलमध्ये एसएनएफ आधी आणि फॅट नंतर येतो, त्यानं त्याच क्रमानं फंक्शनला दिले. म्हशीचं दूध, फॅट ६.८ एसएनएफ ९.१, ते झालं फॅट ९.१ एसएनएफ ६.८. दोन्ही दशांशातले आकडेच, मग पायथन तरी कशाला अडवेल. एसएनएफ किमान मर्यादेच्या खाली गेला म्हणून चार्टच्या तळातला दर लागला, गुपचूप. एका संस्थेची पूर्ण संध्याकाळची पाळी, १४० च्या आसपास पावत्या. रात्री साडेनऊला सचिवांचा फोन. एकच म्हैस असलेली माणसं आहेत हो त्यात, त्या पावतीवर किराणा ठरतो त्यांचा.

आता पुढं काय करायचं यावर आमच्यात तीन मतं आहेत. एक म्हणतो चालू_संकलन नावाची एक ग्लोबल, म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठूनही वाचता-बदलता येणारी डिक्शनरी करू, सगळं त्यात टाकू, फंक्शनला काही द्यायलाच नको म्हणजे क्रम चुकायचा प्रश्नच नाही. दुसरा म्हणतो संदर्भ नावाचा एक मोठा ऑब्जेक्ट करू, सगळी माहिती त्यात भरू आणि पॅरामीटर म्हणून तोच सगळीकडं फिरवू. माझं मत होतं की आहे तेच ठेवावं आणि नीट बघून बोलवावं, पण त्या रात्रीनंतर मलाच त्यावर विश्वास राहिला नाही. अनुभवी लोकांनी सांगा.

जुना_फॉक्सप्रोवाला

ग्लोबलचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून मोबाईलवरनं लिहितोय, टायपिंग सांभाळून घ्या.

मी १९९३ पासून पतसंस्थांची कामं फॉक्सप्रोत केली. त्यात एखादं व्हेरिएबल न सांगता-सवरता वापरलं की ते प्रायव्हेट धरलं जायचं, आणि या नावावर जाऊ नका, कारण तुम्ही ज्या ज्या प्रोसिजरला खाली बोलवाल त्या सगळ्यांना ते दिसायचं आणि बदलताही यायचं. एकदा खातेदारांचा लूप मी आय वर फिरवला होता आणि आत बोलावलेल्या व्याजाच्या प्रोसिजरमध्ये बारा महिन्यांचा लूप, तोही आय वरच. पहिलं खातं झालं, आतला लूप संपला तेव्हा आय होता १३, बाहेरच्या लूपनं त्यात एक मिळवला आणि थेट चौदावं खातं. चौदाव्याचं व्याज काढून परत आलं की पुन्हा १३, पुन्हा चौदावं. प्रोग्रॅम तिथंच फिरत बसला. पण तो अडकला म्हणून पाच मिनिटांत कळलं.

जे अडकत नाही ते वाईट. त्याच संस्थेत मुदत ठेवीच्या प्रोसिजरनं दर नावाच्या व्हेरिएबलमध्ये स्वतःचा दर टाकला, आणि वर बचत खात्याच्या प्रोग्रॅममध्येही दर हेच नाव होतं. ज्या खातेदाराची मुदत ठेव होती त्याच्या पुढच्या सगळ्या बचत खात्यांना ठेवीचा दर लागत गेला. ३१ मार्चची रात्र. मी दर हा शब्द घेऊन १९ फाईली उघडून बघत होतो कोण कुठं हात लावतंय, कारण बोलावण्याच्या ओळीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसतं डू आणि प्रोसिजरचं नाव. त्या ओळीकडं बघून ती काय घेते आणि काय बदलते हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. लोकल हा शब्द व्हिज्युअल फॉक्सप्रो ३ मध्ये, १९९५ साली मिळाला, त्याआधी प्रत्येक प्रोसिजरच्या डोक्यावर हातानं प्रायव्हेट लिहायची शिस्त पाळायची, आणि ती एकानं जरी मोडली तरी बाकीच्यांना भोगायला लागायचं.

तुमची चालू_संकलन डिक्शनरी म्हणजे तेच आहे बघा. क्रम चुकणार नाही हे खरं, पण मागच्या सभासदाचा फॅट त्यात तसाच राहिला आणि पुढच्यानं तो भरायचा विसरला तर? अकरा पॅरामीटरमध्ये निदान एक न दिल्यावर एरर येते.

टेस्टवाली

वरच्या दादांशी १००% सहमत. मी टेस्टिंगमध्ये आहे, एक रोजचा अनुभव सांगते. ग्लोबल वाचणाऱ्या फंक्शनची टेस्ट लिहायची म्हणजे आधी ते ग्लोबल भरायचं, मग फंक्शन बोलवायचं, मग ग्लोबल पुसायचं. पुसायचं राहिलं की टेस्ट एकटी चालवली तर पास आणि सगळ्यांबरोबर चालवली तर फेल, किंवा उलटं. असल्या एका फेलमागे आमचे अख्खे दोन दिवस गेलेत, आणि शेवटी निघालं काय तर तीन फाईल पलीकडची दुसरीच टेस्ट कचरा ठेवून जात होती.

तुमच्या क्रमाच्या चुकीवर मात्र पायथनमध्ये अगदी आजच्या आज करता येण्यासारखं औषध आहे. फंक्शनच्या व्याख्येत पॅरामीटरच्या यादीत सुरुवातीला नुसती एक फुली म्हणजे * टाका, की तिच्या पुढचे सगळे पॅरामीटर नावानंच द्यावे लागतात. मग

दर_काढ(*, फॅट, एसएनएफ, ...)

असं लिहिलं असेल तर बोलावणाऱ्याला फॅट=६.८, एसएनएफ=९.१ असं लिहावंच लागतं, नुसते आकडे दिले तर टाइपएरर येते आणि प्रोग्रॅम पुढं जातच नाही. पायथन ३ मध्ये ही सोय पहिल्यापासून आहे आणि तरी वापरणारे कमी दिसतात याचं मला वाईट वाटतं. दोन शेजारचे पॅरामीटर एकाच प्रकारचे असले, आकड्याशेजारी आकडा, तारखेशेजारी तारीख, की कधीतरी कुणीतरी ते उलटे देणारच असं धरूनच चालायचं. तुमच्या सहकाऱ्याला बोल लावू नका, त्याच्यासमोर ती ओळ तशीच दिसत होती.

कृष्णाकाठ

टेस्टवाली ताईंचा उपाय आजच करा. पण अकरा पॅरामीटर नावानं दिले तरी अकराच राहतात. मला वाटतं खरी गोम वेगळी आहे, हे फंक्शन दर काढण्यापलीकडची चार कामं करतंय. कमिशन, कपाती, छापायचं, यातलं दर काढायला काय लागतं? दर हा जनावर, फॅट, एसएनएफ आणि दरपत्रक एवढ्यावरच ठरतो ना? गाईचं ३.५ / ८.५ आणि म्हशीचं ६.० / ९.० हा पाया धरून वर-खाली पॉइंटाला एवढे पैसे. माप लागतं ते रक्कम काढायला, दराला नाही. कपाती लागतात दहाव्या दिवशी. कमिशन संस्थेचं, सभासदाच्या पावतीशी त्याचा संबंधच नाही.

तेव्हा आधी फंक्शन फोडा, पॅरामीटर आपोआप वाटले जातील. आणि जे खरोखर नेहमी जोडीनं फिरतं त्याचा एक छोटा टाइप करा. फॅट, एसएनएफ आणि जनावर एकाच नमुन्याचे आहेत, त्यांना एकमेकांशिवाय अर्थ नाही, तर नमुना नावाचा डेटाक्लास, म्हणजे ठरलेली मूल्यं एकत्र धरणारा टाइप करा (पायथन ३.७ पासून आहे), फ्रोझन ठेवा म्हणजे मधेच कुणी बदलू शकणार नाही. तपासणीही तिथंच, तयार होतानाच. म्हशीच्या नमुन्यात एसएनएफ ६.८ हे दिसलं की तिथंच थांबवून विचारता आलं असतं, चार्टपर्यंत जाऊ द्यायचंच कशाला.

निशिगंध

मी जरा वेगळं मत मांडतो, रागावू नका. मी बऱ्यापैकी मोठ्या सिस्टीमवर काम करतो आणि आमच्याकडे तो संदर्भ ऑब्जेक्टच आहे. कारण असं की स्क्रीनपासून टेबलापर्यंत सहा-सात थर असतात, सगळ्यात खालच्या फंक्शनला एक नवीन गोष्ट लागली की मधल्या पाचही फंक्शनांच्या सह्या (नाव आणि पॅरामीटरची यादी असलेली पहिली ओळ) बदलायच्या, त्यांच्या टेस्ट बदलायच्या, रिव्ह्यूला वीस फाईली. ऑब्जेक्टमध्ये एक फील्ड वाढवलं की काम झालं. दूधगंगांच्या दुसऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं इतकं टाकाऊ नाहीये.

कृष्णाकाठ

निशिगंध, राग कसला, हा त्रास खराच आहे. पण त्याची दुसरी बाजू बघा. १९७४ साली आयबीएमच्या सिस्टिम्स जर्नलमध्ये स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांचा लेख आला होता, मॉड्यूल एकमेकांत किती गुंतलेत याच्या पायऱ्या त्यात लावल्यात. लागणारी दोनच मूल्यं दिली तर गुंता सगळ्यात कमी. दोन मूल्यांसाठी अख्खं रेकॉर्ड दिलं की एक पायरी वाढली, त्याला पुढं स्टॅम्प कपलिंग हे नाव रूढ झालं. फ्लॅग, म्हणजे हो-नाही सांगणारं मूल्य, देऊन समोरच्याला आत काय कर ते सांगितलं की त्याहून जास्त, आणि सगळ्यांनी एकाच सामाईक जागेतून वाचलं-लिहिलं की त्याच्याही पुढं. पन्नास वर्षं झाली, भाषा बदलल्या, पायऱ्या अजून तशाच आहेत.

दर_काढ ला संदर्भ दिला तर त्यात सभासदाचा मोबाईल नंबर, बँक खातं, प्रिंटरचं नाव सगळंच. सही वाचून कळत काहीच नाही, आत जाऊन ३०० ओळी वाचाव्या लागतात. उद्या सभासदाच्या रचनेत बदल केला तर दर चुकेल का, याचं उत्तर कुणालाच छातीवर हात ठेवून देता येणार नाही. जुन्या फॉक्सप्रोवाल्या दादांचे ते १९ फाईली उघडणं परत आलंच की, फक्त ग्लोबलला आता एक नाव मिळालं आणि तो पॅरामीटर म्हणून फिरायला लागला.

आणि त्या मधल्या पाच थरांबद्दल, मधलं फंक्शन जेव्हा एखादी गोष्ट स्वतः वापरत नाही, नुसती खाली पोचवायचं हमालीचं काम करतं, तेव्हा मी विचारतो की खालच्यानं ते तिथं खोल जाऊन करायची गरज आहे का. दरपत्रक टेबलातून काढायचं काम वरतीच, पाळी सुरू होताना एकदा करावं आणि तयार चार्ट खाली द्यावा. मग संस्थेचा कोड, डेटाबेसचं कनेक्शन, चार्टकोड यातलं काहीच खाली जायला नको.

निशिगंध

चार्ट वरती काढायचा हे पटलं. लॉगिंग, लॉगिन केलेला यूजर, कनेक्शन असल्या सगळीकडं लागणाऱ्या गोष्टींना तरी मी संदर्भ ठेवीनच, त्यावर माझं मत कायम आहे. पण ज्यावर पैशाचा हिशोब होतो ती मूल्यं त्यात नकोत, एवढं मान्य करतो. आमच्याकडे ते झालंय आणि आता काढता येत नाहीये.

एडिसनकर

न्यू जर्सीत मेनफ्रेमवर इन्शुरन्सचं कोबॉल बघतो, त्यामुळे निशिगंधांचं शेवटचं वाक्य फार लागलं मनाला.

कोबॉलमध्ये एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला कॉल करताना युझिंगनंतर यादी द्यायची, समोरच्यानं लिंकेज सेक्शनमध्ये तशीच रचना लिहायची. जुळणी नावानं होत नाही, क्रमानं होते, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर रेफरन्सनंच जातं, म्हणजे एकाच मेमरीकडं दोघं बघतात. एका बाजूला रेकॉर्डच्या मधे दोन अक्षरांचं फील्ड वाढवलं आणि दुसरा प्रोग्रॅम नव्यानं कंपाईल करायचा राहिला की त्याच्या दृष्टीनं पुढची सगळी फील्ड दोन बाइट सरकलेली. पॉलिसी नंबरचे शेवटचे दोन आकडे रकमेत. म्हणूनच रचना एकदाच कॉपीबुकमध्ये लिहायची आणि दोघांनी तिथूनच घ्यायची हा नियम आमच्यात सगळ्यात जुना आहे.

आणि ऑनलाइन बाजूला सीआयसीएस या मेनफ्रेमवर स्क्रीनचे व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉमएरिया नावाचा प्रकार. एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे जाणारी एकच पिशवी, जास्तीत जास्त ३२ केबी. सुरुवातीला ऐसपैस वाटली असणार. प्रत्येकानं आपलं एकेक सामान टाकत नेलं, शेवटी पुढच्यासाठी फिलर म्हणून मोकळे बाइट ठेवायचे तेही संपले, मग एकच जागा दोन कामांना वापरायला लागले, या स्क्रीनला तिचा अर्थ तारीख आणि त्या स्क्रीनला एजंटचा कोड. २००५ मध्ये चॅनेल आणि कंटेनर आले, म्हणजे एका पिशवीऐवजी नाव दिलेले वेगवेगळे डबे, ज्याला जो लागेल तो त्यानं घ्यावा. तरी जुन्या पिशव्या आजही चालू आहेत कारण कुठला प्रोग्रॅम त्यातलं काय वाचतो हे खात्रीनं सांगणारं माणूस उरलं नाही, सगळे रिटायर झाले. दूधगंगा, तुम्ही अजून अकरावरच आहात, आत्ताच फोडा. तुमच्या जागी मी ही एक संध्याकाळ यावर घालवायला काहीही दिलं असतं.

टेस्टवाली

दूधगंगा, ते फेरतपासणी आणि छापायचं हे दोन ट्रू-फॉल्स आहेत का? असतील तर बोलावताना शेवटी नुसतं ट्रू, फॉल्स दिसत असेल आणि वाचणाऱ्याला कशाचं ट्रू ते कळत नसेल. कृष्णाकाठ म्हणाले तो फ्लॅगचा प्रकार हाच. फेरतपासणीनं आत वेगळा रस्ता घेत असेल तर सरळ दोन फंक्शनं करा.

अजून एक विचारते, कपाती काय आहे, लिस्ट आहे का आणि तिला डिफॉल्ट (बोलावताना काही दिलं नाही तर धरायचं मूल्य) दिलाय का?

दूधगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताई, दोन्ही ट्रू-फॉल्सच आहेत. आणि कपातीला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट आहे. का विचारलंत?

टेस्टवाली

मग आज रात्री तेच आधी बघा. पायथनमध्ये डिफॉल्ट मूल्य फंक्शनची व्याख्या वाचतानाच एकदा तयार होतं, प्रत्येक बोलावण्याला नवीन होत नाही. म्हणजे ती रिकामी लिस्ट एकच, सगळ्या बोलावण्यांची मिळून. आत कुठं तिच्यात ॲपेंड होत असेल, म्हणजे काही जोडलं जात असेल तर एका सभासदाची पेंडीची कपात त्यात राहते आणि पुढच्याच्या बिलात दिसते. डिफॉल्ट None (काहीच नाही) ठेवा आणि आत नवीन लिस्ट करा, किंवा त्याहून बरं म्हणजे डिफॉल्टच नको.

दुसरं म्हणजे लिस्ट देताना तिची कॉपी जात नाही, तीच लिस्ट जाते. आत पॉप करून एकेक काढत गेलं की बाहेरही रिकामी. जावातही हाच घोळ असतो, सगळं व्हॅल्यूनं जातं असं पाठ केलेलं असतं पण ऑब्जेक्टच्या बाबतीत ती व्हॅल्यू म्हणजे त्याचा पत्ता. म्हणून माझा आग्रह असतो की फंक्शननं घेतलेल्या गोष्टीला हात लावू नये, नवीन करून परत द्यावी.

जुना_फॉक्सप्रोवाला

यावरनं आठवलं, तुमचं मधलं व्हर्जन व्हीबी ६ चं होतं म्हणालात. त्यात काही न लिहिता पॅरामीटर दिला की तो बायरेफ जायचा, म्हणजे आत बदलला की बाहेरही बदलायचा, डॉटनेटमध्ये त्यांनी बदलून बायव्हॅल (नुसती कॉपी) केला. आमच्या फॉक्सप्रोत तर एकच रूटीन डू-विथनं बोलावलं की रेफरन्स आणि कंस लावून फंक्शनसारखं बोलावलं की व्हॅल्यू, जोवर सेटिंग बदललं नाही तोवर. तेव्हा जुन्या कोडवरनं ओळ न ओळ पायथनमध्ये उतरवली असेल तर एक करा, जिथं जुनं रूटीन आपल्या पॅरामीटरमध्ये काही लिहीत होतं त्या सगळ्या जागा कागदावर काढा. ते आकडे बाहेरच्यानं वापरले असणार. नव्या कोडमध्ये ते परत जातच नसतील आणि कुणाच्या ध्यानातही आलं नसेल.

कृष्णाकाठ

आणि ते माप. माप म्हणजे लिटर की किलो?

मी मुद्दाम विचारतोय. दुधाचं एक लिटर साधारण १.०३ किलो भरतं. काही काटे किलो देतात, दर लिटरवर असतो. माप असं नाव असेल तर शंभराला तीनचा फरक कुणालाही न दिसता जाईल. २३ सप्टेंबर १९९९ ला नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचता पोचता गेलं ते याच कारणानं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरनं छोट्या थ्रस्टरच्या धक्क्यांचा आकडा पाउंड-सेकंदात दिला, घेणाऱ्यानं तो न्यूटन-सेकंद समजून वापरला, दोन्हीत ४.४५ पट फरक. फाईलमध्ये तो नुसता आकडा होता, एकक त्याच्याबरोबर चालत आलं नव्हतं. करारात एकक लिहिलेलं होतं, पण कागदावर. तुम्ही ते नावात आणा, लिटर असं नाव द्या, आणि काट्याकडून घेतानाच लिटर करून घ्या, आत सगळीकडं लिटरच.

तसंच जिथं मशीन एसएनएफ देत नाही, सीएलआर (दुधाच्या घनतेवरचं लॅक्टोमीटरचं रीडिंग) देतं, तिथला हिशोबही बघा. सीएलआरला चारनं भागून त्यात फॅटचा ठरावीक हिस्सा आणि एक ठरीव आकडा मिळवायचा असतो, पण तो हिस्सा आणि तो आकडा डेअरीगणिक वेगळा असतो. तुमच्या कोडमध्ये ते आत कुठंतरी लिहून टाकलेले असणार असं मला वाटतंय.

दूधगंगा

तीन आठवड्यांनी येतोय, काय काय झालं ते सांगतो, थोडं लांब होईल.

ताईंनी सांगितलेली ती लिस्ट त्याच रात्री बघितली. ॲपेंड होतंच. आजवर वाचलो ते फक्त एवढ्यामुळं की बिलाच्या स्क्रीनवरनं कपाती नेहमी दिली जायची, डिफॉल्टवर कधी वेळ आली नव्हती. मोबाईलच्या कामात ती वेळ येणार होती. काढून टाकलं.

मग फंक्शन फोडलं. नमुना हा फ्रोझन डेटाक्लास झाला, तयार होतानाच मर्यादा बघतो. दर काढायला आता दोनच गोष्टी लागतात, नमुना आणि चार्ट, आणि चार्ट म्हणजे कोड नाही, वरती टेबलातून काढलेला पूर्ण चार्ट. सीएलआरचे ते आकडे, होय, आतच लिहिलेले होते, दोन ठिकाणी, आणि दोन ठिकाणी वेगवेगळे. आता ते संस्थेच्या सेटिंगमधून मशीन वाचणाऱ्या भागाला जातात. रक्कम, कमिशन, कपाती, छपाई सगळी वेगळी फंक्शनं. काट्याकडून आलेलं सगळं लिटर होऊनच आत येतं.

जुन्या दर_काढ ला बोलावणाऱ्या ३४ जागा होत्या, त्या एका दिवसात बदलणं शक्य नव्हतं कारण पाळ्या रोज चालू. म्हणून अकरा पॅरामीटरवालं फंक्शन तसंच ठेवलं, फक्त त्याच्या पोटात नव्या फंक्शनला बोलावलं, आणि मग रोज दोन-चार जागा थेट नव्याकडं वळवत गेलो. आता सहा उरल्यात. दादा, तुमचा कागदही केला. जुन्या व्हीबी कोडमध्ये पाच रूटीन आपल्या पॅरामीटरमध्ये लिहीत होती, त्यातलं एक राउंडिंगचे उरलेले पैसे परत देत होतं आणि ते पायथनमध्ये खरोखरच कुठंच जात नव्हते. दहा दिवसांच्या बिलात सभासदामागे काही पैशांचा फरक, पण फरक तो फरक.

पण मला जे सांगायचंय ते पुढचं आहे. नवं-जुनं सारखं येतंय का बघायला तीन संस्थांच्या तीन महिन्यांच्या नोंदी, ६५ हजारांच्या आसपास, दोन्ही फंक्शनांतून काढल्या आणि पावतीवर त्या दिवशी छापलेल्या दराशी ताडून बघितल्या. नवं छापलेल्याशी जवळजवळ पूर्ण जुळलं. जुनं हजारो ठिकाणी चुकलं. घाबरलो. मग कळलं की जुनं फंक्शन चार्टकोड घेऊन आत आजची तारीख वाचायचं आणि आज लागू असलेला चार्ट काढायचं. म्हणजे दोन महिन्यांपूर्वीची नोंद आज चालवली की तिला आजचा दर. अकरा पॅरामीटर होते आणि ज्याच्यावर दर सगळ्यात जास्त अवलंबून आहे ती तारीख त्यात नव्हतीच, ती फंक्शन स्वतःच घड्याळाकडनं घेत होतं.

मग आम्ही नव्यात न जुळलेल्या ज्या थोड्या नोंदी होत्या त्या उघडल्या. सगळ्या एका संस्थेच्या, एकाच दिवसाच्या, १० तारखेची संध्याकाळ. त्या दिवशी गावात लाईट नव्हती, सचिवांनी वहीत लिहून घेतलं आणि ११ ला सकाळी कॉम्प्युटरला भरलं. ११ पासून दर दोन रुपयांनी उतरला होता. १० च्या दुधाला ११ चा दर लागला, ९६ सभासद. कुणी तक्रार केली नव्हती, कारण दर उतरलाय हे सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यांना वाटलं असेल तसंच असतं.

सचिवांना स्वतः जाऊन भेटलो, यादी दिली. फरक पुढच्या बिलात जमा करतायत.

टेस्टवाली

वाचून अंगावर काटा आला. आता चार्ट काढणाऱ्या फंक्शनला तारीख पॅरामीटर म्हणून देताय ना? आणि तिला आज असा डिफॉल्ट ठेवलेला नाही ना, सोयीसाठी?

दूधगंगा

नाही ठेवला ताई. संकलनाची तारीख आणि पाळी दोन्ही नावानंच द्यायची, दिली नाही तर तिथंच थांबतं. परवा सहकाऱ्यानं विसरून बोलावलं तर लगेच एरर आली, त्यानं वरची ओळ वाचली आणि कुणाला न विचारता भरली. उरलेल्या सहा जागा या आठवड्यात संपवतोय, मग जुनं फंक्शन काढून टाकतो आणि इथं कळवतो.